आरव्ही-१०ला टर्बाइन बसवावे का? इंजिनाआधी रेडलाइनचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. तुमचे आरव्ही-१०, म्हणजे व्हॅन्स कंपनीच्या किटमधून घरी बांधायचे चार सीटचे विमान, कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर असते. विमान दुसऱ्या कोणी बांधले, तुम्ही ते विकत घेतले. त्यातले २६० अश्वशक्तीचे लायकमिंग आयओ-५४० पिस्टन इंजिन तासांच्या हिशेबाने ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करायला, आले आहे. त्यातच ४५० अश्वशक्तीचे एक वापरलेले रोल्स-रॉइस २५०-बी१७एफ टर्बाइन विकायला असल्याचे तुम्हाला कळले. शिशाचे पेट्रोल बंद होणार, जेट-ए, म्हणजे टर्बाइनचे केरोसीनसारखे इंधन, सगळीकडे मिळते, टर्बाइन सहसा दगा देत नाही, वेगही वाढेल. मग जुन्या इंजिनावर पैसे घालण्यापेक्षा टर्बाइनच का बसवू नये, असे तुम्ही विचारता. घरच्यांना घेऊन सिएटलला न थांबता जाता यावे, हीही इच्छा तुम्ही लिहिली आहे.

मी ओरेगनमध्ये विमानांची मेकॅनिक आहे. घरी बांधलेली पिस्टन विमाने आणि टर्बोप्रॉप (टर्बाइनने प्रोपेलर फिरवणारी विमाने) दोन्ही माझ्या हाताखालून जातात. माझे उत्तर सरळ आहे: तुमच्या विमानात आणि तुमच्या कामासाठी हे करू नका. पण नुसते ‘नको’ म्हणून भागणार नाही, कारण हाच बदल काही विमानांत उत्तम जमलेला आहे. कुठे जमतो आणि तुमच्याकडे का जमत नाही, हे कळले तर निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल.

टर्बाइनबद्दल विचारणारा जवळजवळ प्रत्येक जण इंजिनापासून सुरुवात करतो: वजन किती, ताकद किती, किंमत किती. खरे तर पहिला प्रश्न विमानाच्या सांगाड्याचा आहे. तो किती वेगासाठी तपासला आहे? आरव्ही-१०ची कधीही ओलांडू नये अशी वेगमर्यादा, म्हणजे रेडलाइन, २०० नॉट (ताशी समुद्री मैल) आहे. व्हॅन्सच्या आकड्यांनुसार पूर्ण वजनावर, समुद्रसपाटीला, पूर्ण ताकदीवर हे विमान ताशी २०८ मैल म्हणजे सुमारे १८१ नॉट जाते. आता २६०च्या जागी ४५० अश्वशक्ती घाला. सपाट उड्डाणात वेग ताकदीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताकद १.७३ पट झाली तरी वेग फक्त १.२ पट होतो. तरीही तो २१७ नॉट भरतो. नाक खाली न करता, सरळ उडताना विमान रेडलाइनच्या १७ नॉट पुढे गेलेले असेल. बरोबर २०० नॉटला पोचायला ३५० अश्वशक्ती पुरते. त्यापुढची शंभर तुम्ही विकत घ्याल, तिचे वजन आणि इंधन वाहाल, पण चढाई सोडली तर ती वापरता येणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे, आणि ती अनेक अनुभवी पायलटांच्याही लक्षात नसते. व्हॅन्सने स्पष्ट सांगितले आहे की त्यांच्या विमानांची रेडलाइन खऱ्या हवाई वेगावर मोजायची, हवेच्या दाबावरून वेग दाखवणाऱ्या एअरस्पीड इंडिकेटरच्या काट्यावर नाही. कारण फ्लटर. फ्लटर म्हणजे पंख, शेपटी किंवा एलेव्हेटरसारखे हलते भाग हवेच्या प्रवाहातूनच ऊर्जा घेऊन थरथरू लागतात आणि ती थरथर आपोआप वाढत जाते. एकदा सुरू झाली की पायलटला काही करायची सवड मिळेलच असे नाही. वर हवा विरळ झाली की ही थरथर शमवणारा हवेचा अडसरही कमी होतो, म्हणून खरा वेग पाहावा लागतो. १८,००० फुटांवर खरा वेग २०० नॉट असतो तेव्हा काटा साधारण १५१ दाखवत असतो. २५,००० फुटांवर १३४. काटा हिरव्या पट्ट्यात निवांत आणि विमान प्रत्यक्षात रेडलाइनवर, अशी ही अवस्था.

सध्याच्या इंजिनाने तुम्ही या अवस्थेत जाऊच शकत नाही. टर्बोचार्जर नसलेले आयओ-५४० उंचीवर दमते. १८,००० फुटांवर त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उरते. त्या दमण्यातच तुमचे संरक्षण आहे. विमानाचा आराखडा करणाऱ्याने इंजिन आणि सांगाडा यांची जोडी जमवताना हे गृहीत धरलेले असते. टर्बाइनची मुळातली ताकद मोठी आणि आपण ती गिअरबॉक्सच्या टॉर्कमर्यादेने खाली दाबून वापरतो, त्यामुळे बऱ्याच उंचीपर्यंत ती तशीच मिळत राहते. म्हणजे जिथे रेडलाइन काट्यावर खाली सरकते, नेमक्या तिथेच तुमच्या हातात जास्त ताकद येते.

अमेरिकेच्या प्रमाणित विमानांच्या नियमांत हे फार पूर्वीपासून मान्य आहे. पिस्टन विमानाच्या काट्याला पिवळा पट्टा असतो: शांत हवेत, जपून, थोडा वेळ. टर्बाइन विमानाला पिवळा पट्टा नसतो. त्याची कमाल मर्यादाच अलीकडे आणलेली असते, कारण टर्बाइन त्या वेगात तासन्‌तास राहू शकते आणि वाटेत कधीतरी हवेचा धक्का बसणारच. पायपर मालिबू-मिराज या पिस्टन विमानाला पीटी६ हे प्रॅट अँड व्हिटनीचे टर्बाइन बसवून जेटप्रॉप केले जाते तेव्हाही काट्यावरची लाल रेघ मूळ विमानापेक्षा खाली येते. घरी बांधलेल्या विमानाला हा नियम कायद्याने लागू नाही. हवेला मात्र त्या विमानावर कुठला दाखला लावलाय ते कळत नाही.

यावर नेहमी येणारे उत्तर असे: ‘मी इंजिन ३०० अश्वशक्तीवरच मर्यादित ठेवीन.’ तसे करता येते. पण मग इंधनाचा हिशेब बिघडतो, आणि तुमच्या सिएटलच्या स्वप्नाची खरी अडचण तिथेच आहे.

चांगल्या रीतीने लीन केलेले (हवेच्या मानाने पेट्रोल कमी सोडलेले) आयओ-५४० दर अश्वशक्तीला तासाला साधारण ०.४२ पौंड इंधन घेते. या वर्गातले छोटे टर्बाइन भरपूर ताकदीवर चालताना ०.६५च्या आसपास घेते, आणि ताकद कमी कराल तसा हा आकडा वर चढतो. टर्बाइनला आपला कॉम्प्रेसर फिरवायलाच बरीच ऊर्जा लागते. ताकद कमी केली की दाबाचे गुणोत्तर आणि तापमान दोन्ही उतरतात, आणि याच दोन गोष्टींवर त्याची काटकसर अवलंबून असते. पीटी६ जमिनीवर नुसते आयडलला उभे असतानाही तुमच्या आयओ-५४०च्या क्रूझपेक्षा, म्हणजे स्थिर प्रवासातल्या खपापेक्षा, जास्त इंधन घेते. टॅक्सीवेवर परवानगीची वाट पाहताना हे डोळ्यांनी दिसते.

आता सॅन होजे ते सिएटल. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ६०० नॉटिकल मैल आहे. पिस्टनवर ६५ टक्के ताकदीला तुम्ही १६० नॉटच्या थोडे वर जाल, तासाला १२ गॅलनच्या आत. पावणेचार तास, चढाई धरून ४६-४७ गॅलन. आरव्ही-१०च्या दोन टाक्यांत मिळून ६० गॅलन मावते. तासाभराचा साठा हाताशी ठेवून तुम्ही न थांबता पोचता.

टर्बाइनवर १९० नॉटने जायचे ठरवा, म्हणजे रेडलाइनपासून फक्त १० नॉट दूर. इंधन परवडावे म्हणून १६,००० फुटांवर जा. तिथे माझ्या हिशेबाने २१५ अश्वशक्तीच्या आसपास लागेल, म्हणजे ताशी सुमारे १५० पौंड. जेट-ए गॅलनला ६.७ पौंड, तेव्हा ताशी २२ गॅलनच्या वर. साठ गॅलन पावणेतीन तासही पुरत नाही, आणि त्यातून टॅक्सी, चढाई आणि राखीव साठा वजा व्हायचा आहे. वाटेत ओरेगनमधल्या मेडफर्ड किंवा रेडमंडला उतरावेच लागेल. उतरणे, इंधन भरणे, पुन्हा चढणे यात तास जातो आणि वेगाने वाचवलेली मिनिटे तिथेच संपतात. १५,००० फुटांच्या वर विमानातल्या प्रत्येकाला ऑक्सिजन पुरवायची सोय बंधनकारक आहे. मागच्या सीटवरच्या मुलांनी नाकात नळी घालून तीन तास बसायचे, हा प्रवास घरच्यांना किती आवडेल ते तुम्हीच पाहा.

‘मग टाक्या वाढवू’ म्हणाल. बोनान्झाला हेच रोल्स-रॉइस २५० बसवणारी टेक्सासच्या अमरिलोची ट्रेडविंड टर्बाइन्स पंखांच्या टोकांना जादा टाक्या देते, यावरून गरज किती आहे ते दिसतेच. पण तो बदल प्रमाणित आहे, तपासणी करून मंजूर झालेला. आरव्ही-१०च्या पंखाच्या टोकाला तुम्ही वजन टांगले की पंखाची थरथरायची नैसर्गिक गती बदलते, आणि २०० नॉटचा आकडा ज्या पंखासाठी काढला होता तो पंख आता उरला नाही. नुसत्या इंधनबदलानेही वजन वाढते: ६० गॅलन अ‍ॅव्हगॅस (विमानाचे पेट्रोल) ३६० पौंड भरते आणि तेवढेच जेट-ए ४०० पौंड. २,७०० पौंड कमाल वजनाच्या विमानात ४० पौंड म्हणजे एका माणसाचे सामान.

नाकाकडे येऊ. आयओ-५४० सुमारे ४०० पौंडांचे, २५०-बी१७ त्याच्या निम्मे. ऐकायला हा फायदा वाटतो. पण विमानाचा तोल त्या ४०० पौंडांवर बेतलेला आहे. हलके इंजिन जुन्याच जागी लावले तर गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि मागच्या सीटवर माणसे बसली की विमान नाक वर करून बसते. म्हणून इंजिन पुढे ढकलावे लागते, इंजिन धरणारा माउंट लांब होतो, नाक लांबते. लांब नाक म्हणजे गुरुत्वमध्याच्या पुढे बाजूचा जास्त पृष्ठभाग, आणि तो विमानाला तिरपे वळवू पाहतो. पुढे गेलेला प्रॉप (प्रोपेलर) त्यात आणखी भर घालतो. उभी शेपटी हे सावरायचे काम करते, पण ती मूळ नाकासाठी बेतलेली आहे. शेपटी मोठी केली की पुन्हा फ्लटरचा प्रश्न उघडतो. बघा, कुठूनही निघालो तरी आपण रेडलाइनवरच येतोय.

टॉर्कचेही पाहा. २६० अश्वशक्ती २,७०० फेऱ्यांवर म्हणजे ५०६ फूट-पौंड. ४५० अश्वशक्ती, या इंजिनाच्या प्रॉपच्या साधारण २,०३० फेऱ्यांवर, म्हणजे १,१६४. दुपटीहून जास्त पीळ इंजिन माउंटवर आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या फायरवॉलवर येतो. हवेतही तो जाणवतो, विशेषतः गो-अराउंडला, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा चढताना. विमान हळू, फ्लॅप खाली, पायलट लिव्हर झटक्यात पुढे ढकलतो. टर्बाइन क्षणभर घुटमळते आणि मग सगळी ताकद एकदम देते. डावा पंख खाली जातो. हात सवयीने स्टिक उजवीकडे नेतो, त्याने डाव्या पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग, एलेरॉन, खाली उतरतो आणि आधीच थकलेला तोच पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे विमान उचलून धरणे सोडतो. धावपट्टीच्या वर शंभर-दोनशे फुटांवर यातून बाहेर यायला जागा नसते. प्रशिक्षणाने हे टाळता येते: लिव्हर सावकाश, उजवा रडर (शेपटीचे सुकाणू) आधी, ताकद लागेल तेवढीच. पण ते प्रशिक्षण त्याच विमानात व्हायला हवे, आणि जगात एकमेव असलेल्या विमानाचा प्रशिक्षक मिळत नाही.

बाकीची कामे मोठी आहेत, पण पैसे आणि वेळ दिला की होतात. तुमच्या विमानात बहुधा १२ व्होल्टची व्यवस्था असेल. टर्बाइनच्या स्टार्टर-जनरेटरला २४ व्होल्ट लागतात, म्हणजे जवळपास सगळी वायरिंग पुन्हा. प्रॉप वेगळा, पूर्ण फेदर होणारा (पाती प्रवाहाला समांतर वळवता येणारा) आणि रिव्हर्स देणारा. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे आवरण, नवे, धुराड्याजवळ उष्णतेचा बंदोबस्त, बर्फ आणि खडी आत जाऊ नये म्हणून हवेच्या वाटेवर सेपरेटर. जेट-एत पाणी सहज धरून राहते, उंचीवर त्याचे बर्फाचे कण फिल्टर तुंबवतात, आणि टाकीच्या तळाशी बुरशी धरते; त्यासाठी इंधनात औषध घालायची शिस्त. टाकीची झाकणेसुद्धा बदलावी लागतात: पेट्रोलच्या विमानात चुकून जेट-ए जाऊ नये म्हणून जेटच्या नळीचे तोंड मुद्दाम रुंद असते, ते तुमच्या भोकात शिरणारच नाही.

त्या विकाऊ इंजिनाबद्दल मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण पैसे बुडतात ते इथे.

वापरलेल्या टर्बाइनची किंमत त्याच्या लोखंडात नसते, कागदात असते. चाके, म्हणजे आत फिरणाऱ्या डिस्क, तासांवर आणि सायकलवर मोजलेल्या आयुष्याच्या असतात. एक स्टार्ट, एक उड्डाण, एक बंद, अशी एक सायकल. प्रत्येक चाकाचा क्रमांक, ते आधी कुठल्या इंजिनात होते, तिथे किती सायकली झाल्या, हे पहिल्यापासून सलग लिहिलेले हवे. मधले एक पान नसेल तर ते चाक संपलेले धरायचे. चाक फुटले तर त्याचे तुकडे काउलिंग थांबवू शकत नाही. विमान आपटून किंवा प्रॉप जमिनीला लागून इंजिन अचानक थांबले होते का, हेही विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

नंतर बोअरस्कोप, म्हणजे इंजिनात घालायचा बारीक कॅमेरा, आत घाला, किंवा घालणारा माणूस बोलवा. तुम्ही म्हणता त्या मॉडेलमध्ये इंजिनाच्या मागच्या टोकाला एकच दहनकक्ष आणि त्यात एकच इंधन नॉझल असते. (पीटी६मध्ये सहसा चौदा असतात.) त्या नॉझलच्या तोंडाशी बाजरीच्या दाण्याएवढा कोळसा धरला तरी फवाऱ्याची छत्री मोडते आणि एका बाजूला धार सुटते. ती धार जिथे जळते तिथे समोरच्या स्थिर पात्यांची कड आधी निळसर-करडी होते, मग तिला केसाएवढ्या चिरा पडतात, मग कडेचा तुकडा उडतो. हे होत असताना बाहेरून इंजिन छान चालते. टेस्ट स्टँडवर चालवून दाखवलेला व्हिडिओ पाहून इंजिन घेतलेले लोक मला भेटले आहेत. हॉट सेक्शन, म्हणजे दहनकक्ष आणि चाकांचा तापणारा भाग, उघडल्यावर निघालेला खर्च पिस्टन इंजिनाच्या अख्ख्या ओव्हरहॉलएवढा होता. टर्बाइनचा पूर्ण ओव्हरहॉल तर लाखो डॉलरांच्या घरात जातो.

टर्बाइन दगा देत नाही हे तुमचे म्हणणे खरे आहे, पण त्याला अट आहे. टर्बाइनचे आयुष्य स्टार्टच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरते. बॅटरी थोडी कमजोर असली की कॉम्प्रेसर पुरेसा फिरत नाही, तेवढ्यात इंधन आत आले की थंड करायला हवाच नसते आणि तापमान सुसाट वर जाते. पीटी६च्या बऱ्याच मॉडेलांना स्टार्टच्या वेळी १,०९० अंश सेल्सिअस फक्त दोन सेकंद चालते. दोन सेकंदांत तुम्ही काटा पाहून, ओळखून, इंधन तोडायचे. मी शिकवताना पायलटचा हात इंधनाच्या लिव्हरवरून हलू देत नाही, आणि बॅटरीचे व्होल्ट ठरावीक आकड्याखाली असतील तर ग्राउंड पॉवर कार्ट आणवतेच. हवाई सेवांच्या हाती टर्बाइन इतके भरवशाचे ठरते ते या शिस्तीमुळे. महिन्यातून दोनदा उडणाऱ्या मालकाकडे हीच शिस्त टिकवणे कठीण जाते.

कागदपत्रांचे थोडक्यात. तुमचे विमान एक्स्पेरिमेंटल (प्रायोगिक) वर्गात आहे, म्हणून इंजिन बदलायला एफएए या अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याची आधी मंजुरी घेऊन आराखडा तपासून घ्यावा लागत नाही. मोठा बदल म्हणून स्थानिक कार्यालयाला लेखी कळवायचे, चाचणीचा परिसर ठरवून घ्यायचा, पुन्हा चाचणी टप्प्यात जायचे, प्रवासी न घेता उडायचे आणि मग लॉगबुकात नोंद करायची. चाचणीचे किमान तास तुमच्या विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्समध्ये लिहिलेले असतात. बहुधा ते पाच असतील. असल्या बदलाला पाच तास काहीच नाहीत, पन्नास धरा. विमान तुम्ही बांधलेले नसल्याने बांधणाऱ्याला मिळणारे रिपेअरमन सर्टिफिकेट तुम्हाला मिळणार नाही; वार्षिक तपासणी बहुधा परवानाधारक मेकॅनिककडून करून घ्यावी लागेल, आणि एकट्यादुकट्या टर्बाइन आरव्ही-१०वर सही करायला बरेच जण तयार होत नाहीत. विमा कंपनीला पैसे खर्च करण्याआधी विचारा, नंतर नाही.

आपल्याकडे कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. २०१६ मध्ये मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी ते विमान मुंबईत पाहिले आणि उडवायचा परवाना मिळाला २०१९ मध्ये. इथे अमेरिकेत इतका काळ कोणी अडवत नाही. म्हणूनच जे काम तिथे सरकारी अभियंता करतो, वजन-तोल, ताण, फ्लटर तपासणे, ते इथे तुम्हालाच कोणाकडून तरी पैसे देऊन करून घ्यावे लागते.

आता हा बदल जमलेला कुठे ते सांगते. लँकेअर ४-पी हे घरी बांधायचे, प्रेशराइज्ड (आत हवेचा दाब राखणाऱ्या) केबिनचे विमान. मूळ ३५० अश्वशक्तीच्या टर्बोचार्ज्ड कॉन्टिनेन्टल इंजिनावर उडणारे. त्याला चेक बनावटीचे वॉल्टर एम६०१ बसवून कंपनीने स्वतःच प्रॉपजेट म्हणून किट विकले. केबिन प्रेशराइज्ड असल्याने टर्बाइन जिथे काटकसरीने चालते त्या उंचीवर माणसे आरामात बसू शकतात, सांगाडा मुळातच वेगासाठी बांधलेला, आणि बदल एकट्यादुकट्याने नाही तर कारखान्याने केलेला. तरीही पुढचे विमान करताना त्याच कंपनीने जुन्याला आणखी ताणले नाही. इव्होल्यूशन हे विमान त्यांनी पहिल्या रेघेपासून ७५० अश्वशक्तीच्या पीटी६ए-१३५एसाठी आखले आणि लँडिंगच्या अवस्थेतला स्टॉल ६१ नॉटवर ठेवला. तुम्हाला टर्बाइनच हवे असेल तर असे आधीच उडत असलेले विमान शोधा. ते महाग वाटेल. स्वतः बदल केलेले आरव्ही-१० शेवटी त्याहून स्वस्त पडेलच असे मला वाटत नाही, आणि विकायला काढले तर त्याला गिऱ्हाईक मिळणे अवघड.

छोट्या टर्बाइनबद्दलही विचाराल म्हणून सांगून ठेवते. चेक प्रजासत्ताकातल्या पीबीएसचे टीपी१०० हे २४१ अश्वशक्तीचे, अवघे ६२ किलोंचे इंजिन आहे. रेडलाइनचा प्रश्न त्याने सुटतो, कारण ताकद आयओ-५४०पेक्षा कमीच आहे. पण म्हणून वेगही वाढत नाही, नाक आणखी लांबते, आणि दर किलोवॅट-तासाला ५१५ ग्रॅम खपाने सिएटलची वाट अर्ध्यावर संपते. एक्झॉस्टची उष्णता परत वापरणारे फ्रेंच टर्बोटेकचे इंजिन मला मनापासून आवडते, या सगळ्या अडचणीच्या मुळाशी हात घालणारे ते आहे. पण ते दोन सीटच्या हलक्या विमानाच्या मापाचे आहे. जेट-ए पिणारे डेल्टाहॉकचे पिस्टन इंजिन २०२३ मध्ये प्रमाणित झाले. ते १८० अश्वशक्तीचे, चार माणसांच्या आरव्ही-१०ला अपुरे.

राहिली तुमची खरी काळजी, शिशाच्या इंधनाची. ती रास्त आहे. सांता क्लारा काउंटीने रीड-हिलव्ह्यूवर शिशाच्या इंधनाची विक्री जानेवारी २०२२पासून थांबवली, आणि कॅलिफोर्नियात सगळीकडे ती २०३१च्या सुरुवातीपासून बंद होणार आहे. शेजारच्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात शिसे जाऊ नये म्हणून हे चालले आहे, आणि माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. पण त्यासाठी इंजिन फेकायची गरज नाही. आरव्ही-१०मध्ये सहसा बसवले जाणारे आयओ-५४०-डी४ए५ ८.५ कॉम्प्रेशनचे आहे, म्हणजे ऑक्टेनच्या बाबतीत फारसे हट्टी नाही. तुमच्या इंजिनाच्या पाटीवरचे पूर्ण मॉडेल वाचा आणि लायकमिंगच्या सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १०७०च्या यादीत त्यासमोर कोणती इंधने मंजूर आहेत ते पाहा. आधीच्या मालकाने जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन घातले असतील तर मात्र ती यादी तुम्हाला लागू नाही, म्हणून लॉगबुकही तपासा.

आणि ओव्हरहॉल. लायकमिंगने दिलेले २,००० तास ही शिफारस आहे. खासगी उड्डाणासाठी ती बंधनकारक नाही. इंजिन उतरवायच्या आधी सहाही सिलिंडरची कॉम्प्रेशन चाचणी गरम इंजिनावर करा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे बोअरस्कोपने फोटो काढा. चकतीवरचा रंग गोल आणि मध्याभोवती सारखा असला तर ठीक, एका कडेला हिरवट-पिवळा डाग सरकलेला असला तर तो व्हॉल्व्ह जळायला लागलाय. तेलाचा फिल्टर कापून घड्या उलगडा आणि त्यावरून चुंबक फिरवा. विमान बराच काळ उभे राहिले असेल तर लायकमिंगची कॅमशाफ्ट गंजून टॅपेट सोलवटतात, आणि त्याची पहिली खूण तिथेच सापडते. हे तीन निकाल, तेलाच्या मागच्या काही तपासण्यांचे अहवाल आणि दर तासाला तेल किती घालावे लागते तो आकडा मला पाठवा. त्यावरून ओव्हरहॉल यंदाच करायचा की इंजिन अजून दोन-तीन वर्षे निर्धास्त उडवता येईल, हे सांगता येईल.